‘तुम्ही जा, मी बघतो’

प्रश्न : मी आणि माझे दोन मित्र काही वर्षांपासून लांब पल्ल्याची सायकलिंग एकत्र करतो. 200 आणि 300 किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड्स) तिघांनी चाकाला चाक लावून पूर्ण केल्या. गेल्या महिन्यात 400 होती. सकाळी सहाला निघालो, दिवसभर समोरून वारा. 240 च्या आसपास एकाला मळमळायला लागलं, दोनदा उलटी झाली. रखडत रखडत रात्री बाराला 290 च्या कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) पोचलो आणि कार्डावर शिक्के घेतले. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘तुम्ही जा, मी बघतो.’ आम्ही दोघं पंधरा-वीस मिनिटांत निघालो आणि सकाळी सव्वासातला राइड पूर्ण केली. त्याने तिथेच सोडून दिलं. नंतर कळलं की त्याचा फोन बंद पडला होता आणि उजाडेपर्यंत तो ओल्या जर्सीत कुडकुडत बसला होता. आमच्या फोटोखाली त्याने ‘अभिनंदन’ एवढंच लिहिलं. तेव्हापासून तो राइडला येत नाही. पाच आठवड्यांनी 600 आहे, तिघांनीही आधीच नावं दिलेली आहेत. दुसरा मित्र म्हणतो, ‘तोच जा म्हणाला ना? नियमच आहे, ज्याचं त्याने बघायचं.’ मला ते पटत नाही. पण थांबले असते तर माझीही 400 गेली असती. मी चुकले का? त्याच्याशी काय बोलू? आणि हो, उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, ते 600 पर्यंत जाईल ना?
— शिक्का मिळालेली

उत्तर : आधी बोटांचं बोलू. पत्राच्या शेवटी ‘आणि हो’ म्हणून टाकलेली गोष्ट बऱ्याचदा सगळ्यात निकडीची असते.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अशी नेमकी दोनच बोटं बधिर होतात, तेव्हा बहुधा अल्नर नावाची नस दबलेली असते. ही नस कोपरामागून खाली येते आणि मनगटापाशी, करंगळीच्या बाजूला, एका अरुंद वाटेने तळहातात शिरते. हँडलबारवर तासन् तास त्याच जागी भार पडला आणि वर रस्ता खडबडीत असला की ती दबते. लांबच्या राइडनंतर मुंग्या येणं इतकं नेहमीचं आहे की बहुतेक जण चार दिवस हात झटकत फिरतात आणि विसरून जातात. तुमचं मात्र महिनाभर टिकलंय. तेव्हा ‘जाईल ना’ हे मला विचारू नका, या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. तोवर घरी एक करून बघा. अंगठा सरळ ठेवून, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरा आणि कुणाला तरी तो ओढायला सांगा. डाव्या हातात कागद टिकतो आणि उजव्या हातातून निसटतो असं झालं, किंवा कुलपात किल्ली फिरवताना जोर कमी पडतोय असं वाटलं, तर दुखणं स्नायूंपर्यंत पोचलंय असं समजा. तसा हात घेऊन रात्रीच्या उतारावर ब्रेक दाबायला जायचं नाही, मग 600 असो की 60.

सायकलही तपासून घ्या. सॅडलचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरत राहतं आणि ते सगळं वजन हात थोपवतात. सॅडल सपाट करा, हँडलबार थोडं वर घ्या, टेप जाड लावा. दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदलायची हे सगळ्यांना माहीत असतं आणि समोरून वारा लागला की सगळेच विसरतात, कारण वाकून, एकाच जागी घट्ट धरून बसलं की वारा कमी लागतो. तुमच्या 400 ला दिवसभर तेच चाललं असणार.

आता मित्राचं. तुम्ही पुढे गेलात यात मला चूक दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटांत गेलात, ते मात्र खटकतं. ‘थांबले असते तर माझीही गेली असती’ हे वाक्य तुम्ही महिनाभर मनात घोळवत असाल, म्हणून त्याचा हिशेबच मांडू.

400 ला 27 तास मिळतात, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वेळ होता. ताशी 15 किलोमीटरच्या हिशेबाने 290 चं कंट्रोल रात्री एक वीसला बंद होतं. तुम्ही बारालाच शिक्का घेतला होता, आणि कंट्रोलची वेळ पोचण्याची असते, निघण्याची नसते. उरलेले 110 किलोमीटर तुम्ही साधारण सात तासांत केलेत. म्हणजे रात्री एकला निघाला असता तरी त्याच गतीने आठच्या सुमारास पोचला असता. पुढचं कंट्रोल 345 च्या आसपास होतं असं धरलं तर ते पाचला बंद होणार आणि तुम्ही साडेचारला तिथे असता. थोडक्यात, तुमच्या तिघांच्या हाती तासभर होता, आणि तो कुणी मोजलाच नाही.

त्या तासात काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण लांबच्या राइडमध्ये पोट बिघडण्याचं कारण अनेकदा साधं असतं. पाय रक्त ओढून घेतात, अंग थंड ठेवायला त्वचा ओढून घेते, पोटाच्या वाट्याला कमी येतं. अशा वेळी वरून घट्ट गोड पेय ओतत राहिलं की ते तिथेच साचून डुचमळतं आणि उलटी होते. त्यावर उपाय म्हणजे जोर थांबवणं. ओली जर्सी उतरवून कोरडं काहीतरी घालायचं, आडवं व्हायचं, अर्धा तास काही खायचं नाही, मग साध्या पाण्याचे घोट, मग थोडं खारट काहीतरी. खुर्चीत पांढराफटक पडलेला माणूस चाळीस मिनिटांनी उठून ‘चला’ म्हणाल्याचं लांब पल्ल्याच्या कुठल्याही जुन्या भिडूला विचारा, त्याने पाहिलेलं असतं. तुमचा मित्र तसा उठला असता की नाही ते आता कुणालाच सांगता येणार नाही. नसता उठला, तर तुम्ही एकला निघाला असता, आणि मागे राहिलेल्या माणसाच्या अंगावर कोरडे कपडे आणि हातात चालू फोन असता. पाणीही पोटात टिकत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर प्रश्न वेगळा. तेव्हा कार्ड खिशात घालायचं आणि त्याला दवाखान्यात न्यायचं.

हा हिशेब मी टेबलाशी बसून, पोटभर झोप झालेल्या डोक्याने केलाय, हेही खरं. तुम्ही त्या दिवशी पहाटे चारला तरी उठला असाल. बारा वाजेपर्यंत वीस तास झाले. सतरा-अठरा तासांच्या जागरणानंतर माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू पोटात गेल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. त्यावर अठरा तासांचं पेडलिंग. अशा वेळी 110 भागिले 15 हे गणित कुणाला येत नाही. घड्याळ बघितलं जातं, पोटात गोळा येतो आणि पाय सायकलकडे वळतात. म्हणूनच मी ‘चूक’ न म्हणता ‘खटकतं’ म्हटलं.

पण ‘तुम्ही जा, मी बघतो’ या वाक्यावर जरा थांबू. ते कधी मनापासून असतं. माणसाला खरंच एकटं पडून राहायचं असतं, शेजारी कुणी घड्याळ बघत बसलेलं नको असतं. कधी ती सभ्यता असते. आणि बऱ्याचदा ती शरम असते. आपल्यामुळे दोघांची राइड बुडतेय हे कळत असतं, आणि ‘थोडं थांबता का?’ हे तीन शब्द उलटीपेक्षा जड जातात. ऐकणाऱ्यालाही तेच वाक्य हवं असतं, कारण त्याने सुटका होते. बोलणारा खोटं बोलतो, ऐकणारा ते पटकन खरं मानतो आणि दोघंही त्याला समजूतदारपणा म्हणतात. ‘बरा आहेस ना?’ असं विचारून काही कळत नाही, त्याचं उत्तर ‘हो’ हेच असतं. विचारायचं असं : कोरडं काय आहे तुझ्याकडे? फोन किती टक्के? घरी कुणाला फोन केलास? आत्ता किती वाजले आणि पुढे किती राहिले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जो अडखळतो, त्याच्या ‘तुम्ही जा’ला अर्थ नाही. तो निर्णय घ्यायच्या अवस्थेतच नसतो.

निघण्याआधी तुमच्याकडचं जॅकेट काढून देता आलं असतं का? पॉवर बँक? त्याच्या घरच्यांना, आयोजकांना एक फोन? कंट्रोलवर बसलेल्या माणसाला ‘याच्याकडे लक्ष ठेवा, अर्ध्या तासाने उठवा’ एवढं सांगणं? दहा मिनिटांचं काम. तुम्हाला महिनाभर टोचतंय ते पुढे जाणं नसावं, ही दहा मिनिटं असावीत असा माझा अंदाज आहे.

तुमचा दुसरा मित्र नियमांचा हवाला देतो. ब्रेव्हेत प्रत्येकाने स्वतःच्या भरवशावर जायचं असतं, हे बरोबर. दोन कंट्रोलच्या मध्ये मागून गाडी येऊन मदत करू शकत नाही. पंक्चर, रस्ता, खाणं-पिणं, सगळं आपलं आपण. सोडून दिलं तर आयोजकांना कळवायचं आणि घरी कसं पोचायचं तेही आपणच बघायचं. पण एका स्वाराने दुसऱ्याला हात द्यायला कुठल्याच नियमाने मनाई केलेली नाही. नियम बाहेरच्या मदतीबद्दल बोलतो. शेजारच्या खुर्चीबद्दल तो गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्यावर इतका भार टाकू नये असं तुमच्या मित्राला सांगा.

तुमच्या तिघांतला हा वाद या खेळाच्या घरात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. 1904 साली पॅरिसमध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियन सुरू झाला, तेव्हाच्या लांब राइड्स गटाने करायच्या असत. पुढे कॅप्टन, गती त्याने राखायची, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही, सगळ्यांनी एकत्र पोचायचं. 1921 मध्ये क्लबने दुसरी वाट धरली. ज्याने त्याने आपापल्या गतीने जावं, वेळेची मर्यादा तेवढी पाळावी. आज तुम्ही करता त्या ब्रेव्हे या दुसऱ्या वाटेवरच्या. पहिलीही बुजलेली नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 1891 पासून शर्यत म्हणून व्हायची. 1931 साली तिच्या जोडीला हौशी स्वारांसाठी दोन्ही पद्धतींच्या राइड्स निघाल्या आणि त्या दोन्ही अजून होतात. आपापल्या गतीने करायची 1200 किलोमीटरची राइड, जिला 90 तास मिळतात, ती दर चार वर्षांनी होते. तुम्ही तिघं कार्ड घेता 1921 च्या पद्धतीचं आणि सायकल चालवता 1904 च्या पद्धतीने. फक्त कॅप्टन नेमायचं विसरता.

कॅप्टनचं काम काय असतं? सगळ्यात संथ माणसाला झेपेल अशी गती धरणं. आणि इथे मला एक शंका आहे. ‘चाकाला चाक’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. समोरून वारा असताना तिसऱ्या चाकावर कोण होतं? बहुतेक तोच, कारण दमायला लागलेला माणूस आपोआप मागे जातो. पुढच्याच्या आडोशाला बरीच ताकद वाचते, पाव हिस्सा तर सहजच, म्हणून तो तिथे चिकटून राहतो. पण पुढच्या चाकापासून हातभर अंतर ठेवायचं तर नजर हलवता येत नाही, ब्रेकवरचा हात काढून बाटली उचलता येत नाही, मागच्या खिशातून खाण्याचं पाकीट काढणं तर दूरच. चढ आला की अंतर पडतं, मग माथ्यावर गेल्यावर ते भरून काढायला दम लागेस्तोवर जोर. पुढच्यांना वाटतं आपण संथ चाललोय, त्याच्यासाठी राइड म्हणजे दिवसभर रबरासारखं ताणणं आणि सुटणं. दर तासाला निदान तीस ते साठ ग्रॅम पिष्ट पोटात जायला हवं. ते पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये चुकलं, तर पुढे कंट्रोलवर बसून एकदम भरलं जातं, आणि दमलेलं पोट ते परत पाठवतं. 240 ला झालेली उलटी सकाळी अकरालाच सुरू झाली असेल. हा माझा तर्क आहे, खात्री करायची तर त्यालाच विचारा. तर्क खरा निघाला, तर तुम्ही एकत्र राहिलात म्हणून तो आजारी पडला, असंही म्हणता येईल, आणि मग मागे ठेवून जाण्याचा प्रश्नच उलटा होतो.

सोबतीबद्दल आपल्याकडे जरा भाबडं बोललं जातं. शेवटच्या कंट्रोलवरचे गळ्यात हात टाकलेले फोटो असतात ना, ते काढायला सगळे हजर असतात. माझ्या मनात सोबत म्हटलं की वेगळंच काही येतं. पहाटेचं एक कंट्रोल, थंडी, एक जण भिंतीला टेकून खाण्याचं पाकीट फाडायचा प्रयत्न करतोय. बोटांत जीव नाही. दातांनी धरतो, तर पाकीट ओठांवरून घसरतं. शेजारून जाणारा दुसरा स्वार, ओळख ना पाळख, हातातून पाकीट घेतो, टोक फाडतो, त्याच्या मुठीत परत ठेवतो आणि आपलं कार्ड घेऊन शिक्क्याच्या टेबलाकडे जातो. ‘थँक यू’ म्हणायच्या आत. किंवा एखाद्याचा पुढचा दिवा रात्री दोनला जातो, तेव्हा दोघं जण न बोलता त्याच्या एक पुढे आणि एक शेजारी होतात आणि पुढच्या कंट्रोलपर्यंत त्याला आपल्या उजेडात नेतात. तिथे पोचल्यावर तो दिवा दुरुस्त करतो, हे दोघं निघून जातात. आयुष्यभराची मैत्री वगैरे होत नाही, पुन्हा भेट झाली तर मान डोलावतात. हे एवढं एवढंसं असतं, आणि ते करायला कुणाबरोबर 400 किलोमीटर चिकटून राहावं लागत नाही.

जिथे खरंच एकत्र राहावं असा टापू रात्री अकरा ते पहाटे पाच. त्यातही दोन ते पाच फार वाईट. शरीराचं घड्याळच त्या वेळी खाली गेलेलं असतं, कॉफीने फसत नाही. डोळे उघडे असतात आणि दोन सेकंद माणूस नसतो. शुद्ध येते तेव्हा सायकल रस्त्याच्या कडेच्या खडीत असते. झाडांना हातपाय फुटतात, रस्त्यात नसलेला माणूस उभा दिसतो. एकटं असलं की हे कळत नाही, शेजारी बोलणारं कुणी असलं की कळतं, कारण त्याचं उत्तर उशिरा येऊ लागतं. तसं झालं की वाद न घालता थांबायचं, सुरक्षित जागा बघून पंधरा-वीस मिनिटं पडायचं, गजर लावून. कॉफी घ्यायची तर पडण्याआधी. तिला अंगात भिनायला अर्धा तास लागतो, उठेपर्यंत ती कामाला लागलेली असते. त्याहून लांब झोपायचं असेल तर मग दीड-दोन तास तरी. मधल्या तासाभराच्या झोपेतून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं, ते 400 ला करू नये.

बाकी त्रास ज्याचे त्याला. बसायच्या जागेवर फोड येतात, त्याला पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही न घालणं आणि निघायच्या आधीच क्रीम लावणं एवढंच औषध. तळपाय आगीवर धरल्यासारखे होतात, तेव्हा बुटाचे पट्टे सैल करावेत, क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) जरा मागे घ्यावी. फार लांबच्या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरताच येत नाही; रेस अक्रॉस अमेरिकामध्ये 1983 साली मायकेल शर्मर या स्वाराला ते झालं आणि दुखण्याला त्याचंच नाव पडलं. तुमच्या 600 ला ते व्हायची भीती जवळपास नाही, पण मान आखडली तर ते लपवायचं नाही. अशा गोष्टी सांगायची लाज वाटते म्हणून त्या वाढतात.

आता त्याच्याशी काय बोलायचं. प्रत्यक्ष भेटा, मेसेज नको. दुसऱ्या मित्राला बरोबर नेऊ नका. दोघं समोर बसलात की त्याला पुन्हा ती खुर्ची आठवेल. पहिलं वाक्य साधं असू द्या : ‘मी पंधरा मिनिटांत निघाले. तुझ्याकडे कोरडं काही आहे का, फोन चालू आहे का, हे बघितलं नाही.’ एवढ्यावर थांबा. पुढे ‘पण’ आला की सगळं वाया गेलं. ‘पण तूच म्हणालास’, ‘पण वेळ नव्हता’, यातलं काहीही नको, आणि वेळ होता हे आता तुम्हाला माहीतच आहे. मेडल किती फिकं वाटतंय वगैरेही सांगू नका, ते त्याचं सांत्वन होत नाही, उलट त्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

मग त्याला बोलू द्या. तो रागावलाय असं तुम्ही धरून चाललाय, पण राग असेलच असं नाही. ‘अभिनंदन’ एवढंच लिहिणारा माणूस अनेकदा स्वतःवर चिडलेला असतो. पहिलं डीएनएफ, म्हणजे राइड अर्धवट सोडणं, फार लागतं. आपण तिघांत कच्चे आहोत, हे आता सगळ्यांना कळलं, असं वाटत राहतं. त्याला हेही सांगून उपयोग नाही की ब्रेव्हेत क्रमांक नसतात आणि 27 तासांत आलेला आणि 18 तासांत आलेला दोघांची नोंद सारखीच होते. त्याला ते पाठ आहे. तो पाच-सहा तास एकटा बसला होता, त्याबद्दल त्याला काही सांगायचं असेल तर ते ऐका. थंडीचं, शिक्के घेऊन जाणाऱ्यांचं, काय वाटलं त्याचं. आणि त्याने खरंच विचारलं, ‘तू का गेलीस?’, तर जे खरं ते सांगा. मला वाटतं ते असं असेल : मला माझी 400 हवी होती. यात लाजण्यासारखं काही नाही. महिनोन् महिने पहाटे उठून तयारी तुम्हीही केली होती.

600 चा विषय त्याच भेटीत काढायचा की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरवा. काढलात तर ‘येतोस ना?’ असं विचारू नका, ‘तुला कसं जायचंय?’ असं विचारा. माझं मत विचाराल तर तिघांनी चाकाला चाक लावणं या वेळी बंद ठेवावं. 40 तास मिळतात. सकाळी सहाला निघालात तर दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत. दिवसा आपापल्या गतीने जा, कंट्रोलवर भेटा, तिथे एकमेकांसाठी किती थांबायचं तो आकडा आधी ठरवा, वीस मिनिटं म्हणा. अंधार पडायच्या आतल्या शेवटच्या कंट्रोलवर मात्र एकत्र या आणि ती रात्र एकत्र काढा, जो सगळ्यात संथ त्याच्या गतीने. कुठे झोपायचं, किती झोपायचं, हे घरूनच ठरवून निघा. कुणाचं पोट गेलं, गुडघा गेला, तर बाकीचे किमान तासभर थांबणार. तासानंतरही उठवत नसेल तर त्याच्या अंगावर कोरडं, हातात चालू फोन आणि पलीकडून कुणीतरी ‘हो, मी येतो’ म्हटल्यावरच पुढे जाणार. आणि तिघांपैकी कुणीही ‘तुम्ही जा’ म्हटलं तर ते मोजायचं नाही. हे सगळं एका कागदावर लिहा. हास्यास्पद वाटेल, लिहाच.

तो नको म्हणाला, किंवा या वेळी एकटा जातो म्हणाला, तर ते मनापासून मान्य करा. त्याचं एकटं जाणं तुमच्यावरचा शेरा असेलच असं नाही. एकट्याने आपल्या गतीने 600 करून येणं कदाचित त्याला आत्ता हवं असेल. मग निघताना फक्त त्याच्या घरचा नंबर घेऊन ठेवा आणि तुमचा त्याला द्या.

आणि तो हो म्हणाला, तर त्याआधी 150 किलोमीटरची एक राइड तिघांनी मिळून करा. पुढे त्याला ठेवा, गती त्याची, आणि दर वीस मिनिटांनी गजर वाजला की तिघांनी काहीतरी तोंडात टाकायचं. डॉक्टरांनी तुम्हाला सायकल बंद ठेवायला सांगितली असेल तर त्या दोघांना जाऊ द्या. दुसऱ्या मित्राला ती गती रटाळ वाटण्याची शक्यता दाट आहे. तसं झालं तर 600 ला त्याने रात्रीही स्वतंत्र जावं, ते दिवसाउजेडी ठरवून टाका.